विश्लेषण : मैफल मुंबईत, गेटवर वऱ्हाडातला पोरगा, पण या गार्डचा मालक नेमका कोण?

बंगळूरुच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ४ जून २०२५ रोजी चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. ६ डिसेंबरच्या रात्री गोव्यातील हडफडे येथील नाइट क्लबला आग लागून २५ जण दगावले, त्यात बहुसंख्य तिथले कामगार होते. आठवडाभरातच, १३ डिसेंबरला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये लिओनेल मेस्सी नीट दिसला नाही म्हणून चिडलेल्या प्रेक्षकांनी बाटल्या आणि खुर्च्या मैदानात फेकल्या. अशा प्रत्येक घटनेनंतर पहिला प्रश्न ठरलेला असतो : सुरक्षा रक्षक काय करत होते? ते रक्षक कोण होते, किती तासांपासून उभे होते आणि त्यांना कोणी काय शिकवले होते, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

तेल्हारा, अकोट, संग्रामपूर या पट्ट्यातल्या घरांना हा प्रश्न दूरचा नाही. सोयाबीन निघाले, कापसाचा पहिला-दुसरा वेचा झाला की खारपाणपट्ट्यात रब्बीला फारसा वाव उरत नाही. नेमका त्याच वेळी मोठ्या शहरांत मैफली आणि सामन्यांचा हंगाम सुरू होतो. ऑक्टोबर ते मार्च खुल्या मैदानावरचे कार्यक्रम आणि त्याला लागून आयपीएल. शेगाव किंवा अकोल्याहून रात्रीची गाडी पकडून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या तरुणांना पहिले काम मिळते ते बहुतेक दोनच ठिकाणी : गोदामात किंवा गेटवर. त्यातले बरेच जण पोलिस भरतीची तयारी करत असतात. भरतीत पुरुषांना किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते आणि खासगी सुरक्षा रक्षकाला १६०. या पाच सेंटिमीटरच्या फटीत अनेकांची उमेदीची वर्षे जातात.

वर्दी सारखी, मालक वेगवेगळे

नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या तीन मैफली झाल्या. त्याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला. असा कार्यक्रम असला की बाहेरच्या रस्त्यावर पोलिसांचा बंदोबस्त असतो आणि आतल्या फाटकांवर, जिन्यांवर, मंचासमोरच्या कठड्यापाशी खासगी माणसे असतात. प्रेक्षकाला सगळे सारखेच ‘सिक्युरिटीवाले’ दिसतात. प्रत्यक्षात त्यांत तीन-चार वेगळ्या जाती असतात.

पहिला गार्ड मंडळाचा. महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याची कल्पना १९६९ च्या माथाडी कायद्यावरून घेतलेली आहे. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे होते आणि आस्थापना त्याच्या वेतनाबरोबर ठरावीक टक्के ‘लेव्ही’ मंडळात भरते. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा, उपदान, गणवेश असे लाभ दिले जातात. ठेकेदार बदलला तरी रक्षकाची नोंदणी आणि साठलेले लाभ टिकतात, हा या व्यवस्थेचा खरा फायदा आहे.

दुसरा एजन्सीचा. याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे एजन्सीच्या रक्षकांना मिळणारे लाभ मंडळाच्या लाभांपेक्षा कमी नसतील तर सरकार त्यांना सूट देऊ शकते. एजन्सीमार्फत चालणारी मोठी बाजारपेठ या वाटेवर उभी आहे. सूट देताना लाभ ‘कमी नाहीत’ हे कागदावर दाखवावे लागते. नंतर दर महिन्याला ते कोण तपासतो, हा प्रश्न संघटना वर्षानुवर्षे विचारत आल्या आहेत.

तिसरा महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचा, म्हणजे २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या सरकारी महामंडळाचा जवान. हा जास्त करून सरकारी रुग्णालये, मेट्रो, कार्यालये अशा ठिकाणी दिसतो.

आणि चौथा, ज्याचे नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नीट सापडत नाही : एका दिवसासाठी आणलेला. आयोजक कार्यक्रमाचे काम इव्हेंट कंपनीला देतो, ती सुरक्षा एजन्सीला देते, एजन्सीकडे तीनशे माणसे हवी असताना दीडशेच असतात, मग ती दुसऱ्या छोट्या ठेकेदाराला फोन लावते. ठेकेदार आपल्या ओळखीच्या खोल्यांवर राहणाऱ्या पोरांना गाडीत भरून आणतो. संध्याकाळी काळा टी-शर्ट मिळतो, रात्री रोख पैसे. तेल्हाऱ्याच्या पोराची मोठ्या मैदानाशी पहिली ओळख बहुधा या चौथ्या दारातून होते.

‘पसारा’ म्हणजे काय?

खासगी सुरक्षा एजन्सीसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून धंद्यात त्याच्या परवान्याला ‘पसारा लायसन्स’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द वेगळाच लागतो आणि इव्हेंटच्या रात्रीचा प्रकार पाहिला तर फारसा चुकीचाही वाटत नाही.

कायदा कागदावर कडक आहे. परवान्याशिवाय एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रक्षकाचे वय १८ ते ६५, चारित्र्य पडताळणी झालेली, छायाचित्राचे ओळखपत्र दिसेल असे लावलेले. केंद्राच्या आदर्श नियमांत प्रशिक्षण १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, किमान २० कामकाजी दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ते ४० आणि १६ तासांवर भागते. अभ्यासक्रमात आग विझवणे, प्रथमोपचार, बॉम्बसदृश वस्तू ओळखणे आणि गर्दीचे नियंत्रण हे विषय नावानिशी आहेत. पंधरा रक्षकांमागे एक सुपरवायझर असावा असेही आहे.

आता हे त्या चौथ्या माणसाला लावून पाहा. दुपारी दोनला मैदानात पोहोचलेला आणि चार वाजता फाटकावर उभा केलेला पोरगा १६० तासांचे प्रशिक्षण कुठे घेणार? त्याला मिळते ते पंधरा-वीस मिनिटांचे ‘ब्रीफिंग’ : हा तुझा पॉइंट, हा रंगाचा पट्टा सोडायचा, तो सोडायचा नाही, जागा सोडायची नाही. आणीबाणीचे दार कोणते, त्याची किल्ली कोणाकडे, रुग्णवाहिका कुठून येणार, हे त्यात असते किंवा नसते.

तपासणीचे गणित

फाटकावर रेटारेटी का होते, हे साध्या आकड्यांत समजते. समजा ४० हजार प्रेक्षक येणार आहेत आणि फाटके तीन तास आधी उघडणार आहेत. ब्रिटनमधल्या स्टेडियम सुरक्षेच्या प्रमाण मार्गदर्शिकेत एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे धरतात. त्या हिशेबाने वीसेक फाटके पुरतात.

पण आपल्याकडे तिकीट दाखवण्याबरोबर अंगझडतीही असते. एका माणसाला १५ सेकंद धरले तर एक गार्ड तासाला २४० जण तपासतो, तीन तासांत ७२०. म्हणजे ४० हजारांसाठी किमान ५६ झडती घेणारे हात हवेत, तेही क्षणभर न थांबता. महिलांची झडती महिलांनीच घ्यायची, त्यामुळे प्रेक्षकांत निम्म्या मुली असतील तर त्यांतल्या निम्म्या, २८ महिला रक्षक हव्यात. आता आपली सवय आठवा. निम्मे लोक शेवटच्या तासात येतात. त्या एका तासात २० हजार माणसे म्हणजे ८० हून अधिक हात. आयोजकाने ५६ च नेमले असतील तर रांग मागे वाढते, आत गाणे सुरू झाल्याचा आवाज येतो आणि मागचे लोक ढकलू लागतात.

पुढचे काम भौतिकशास्त्र करते. चौरस मीटरला चार-पाच माणसांपर्यंत प्रत्येकाला आपले पाऊल आपल्या ताब्यात ठेवता येते. सहा-सातच्या पुढे गर्दी पाण्यासारखी हेलकावू लागते. त्यात कोणी ‘धावत’ नसते, बहुतेक मृत्यू छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात. मागच्या माणसाला पुढे काय चालले आहे ते कळत नाही. पुढे उभ्या गार्डला सगळे दिसते, पण मागची आवक थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. चिन्नास्वामीत क्षमता सुमारे ३५ हजारांची आणि येऊन थडकलेले लोक मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन ते तीन लाख. अशा वेळी फाटकावर दहा गार्ड जास्त असते तरी फरक पडला नसता. गर्दी दोन किलोमीटर अलीकडे अडवायची असते, आणि तो निर्णय गार्डचा नसतो.

शेगावला प्रकटदिनाला दर्शनबारीत उभे राहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. तिथे टप्प्याटप्प्याने माणसे पुढे सोडली जातात, सेवेकरी ‘माउली’ म्हणत हात जोडून वाट दाखवतात आणि रांग कितीही लांब असली तरी माणूस माणसावर पडत नाही. तिथला सेवेकरी ती जागा वर्षानुवर्षे ओळखतो. मैदानातला गार्ड त्या मैदानात बहुधा पहिल्यांदाच आलेला असतो.

गार्डला अधिकार किती?

सामान्य नागरिकाइतके. ना कमी, ना जास्त. अंगझडती ही प्रवेशाची अट म्हणून, प्रेक्षकाच्या संमतीने होते. नकार दिला तर प्रवेश नाकारता येतो, जबरदस्ती करता येत नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे कोणीही व्यक्ती गुन्हेगाराला पकडू शकते. मात्र विनाविलंब आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. खोलीत डांबून ‘समज’ देणे, मोबाइल हिसकावणे, कानाखाली मारणे यांपैकी कशालाही वर्दीचे संरक्षण नाही. बाउन्सर हा शब्द तर या कायद्याला ठाऊकच नाही. दंड कितीही जाड असले तरी कायद्याच्या लेखी तो खासगी सुरक्षा रक्षकच, आणि प्रशिक्षणाची अट त्यालाही तीच.

साहेबांनी सांगितले म्हणून हात उचलला, हा बचाव न्यायालयात टिकत नाही. गुन्हा नोंदवला जातो तो हात उचलणाऱ्यावर. हे विशीतल्या पोरांना कोणी आधी सांगत नाही.

बारा तासांच्या ड्युटीत हजेऱ्या किती?

या धंद्यात ड्युटी म्हणजे बारा तास, हे इतके मुरले आहे की आठ तासांची ड्युटी सांगितली तर गार्डच चक्रावतो. कायद्यात मात्र आठवड्याचे काम ४८ तासांचेच आहे आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर.

हिशेब करून पाहू. आठ तासांचा रोज ६०० रुपये धरला तर तासाला ७५ रुपये झाले. ओव्हरटाइमचा दर तासाला १५०. बारा तासांच्या ड्युटीतले वरचे चार तास म्हणजे ६०० रुपये. म्हणजे एका बारा तासांच्या ड्युटीचे १,२०० रुपये, थेट दोन हजेऱ्या. आठवड्यात सहा दिवस बारा तास केले तर ७२ तास होतात. त्यातले २४ तास ओव्हरटाइमचे. महिन्याला २६ ड्युट्यांचे ३१,२०० रुपये व्हायला हवेत. हातात याच्या निम्म्याच्या आसपास आले तर उरलेले कुठे गेले, हे समजायला पगाराची पावती लागते. आणि रोखीच्या कामात पावतीच नसते.

पावती असेल तर त्यात काय दिसावे? भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के गार्डचे आणि तितकेच मालकाचे. १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर गार्डची कपात १,८०० रुपये होते. राज्य कर्मचारी विमा योजना २१ हजारांपर्यंतच्या वेतनाला लागू आहे. त्यात गार्डचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. १८ हजारांच्या पगारावर गार्डचे फक्त १३५ रुपये जातात, पण त्या १३५ रुपयांवर बरेच अवलंबून आहे. कामावर अपघाताने अपंगत्व आले किंवा मृत्यू झाला तर या योजनेत सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो, आणि त्यासाठी नोकरीचे किती दिवस भरले हे पाहिले जात नाही. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. अट एकच : नाव नोंदवलेले हवे. एका रात्रीसाठी गाडीत भरून आणलेल्याचे ते नसते. कठडा कोसळला, गर्दीखाली सापडला, तर घरच्यांच्या हाती ठेकेदाराचा मोबाइल नंबर उरतो आणि तो बंद लागतो.

पैशात न मोजल्या जाणाऱ्या गोष्टीही आहेत. मंचासमोरचा गार्ड मैफलीला पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असतो, स्पीकर त्याच्या मागे काही फुटांवर. कारखान्यांसाठीच्या आदर्श नियमांत १०० डेसिबल आवाजात दिवसाला दोन तासांच्या वर काम करू नये असे आहे, १०५ ला एकच तास. हे नियम मैदानाला लागू नाहीत, पण कान तर तेच आहेत. कानात घालायच्या बोळ्यांची किंमत चहाच्या दोन कपांइतकी असते.

नव्या संहितांनी काय बदलले?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. महाराष्ट्राचा १९८१ चा सुरक्षा रक्षक कायदा राज्याचा असल्याने तो त्या यादीत नाही. गार्डच्या दृष्टीने संहितांतील चार-पाच गोष्टी कामाच्या आहेत.

नेमणूकपत्र आता प्रत्येक कामगाराला द्यावे लागेल. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या किमान निम्मे धरावे लागतील, त्यामुळे पगाराची फोड भत्त्यांत करून निधीची कपात वाचवण्याची जुनी युक्ती अवघड होईल. एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांवर नेता येणार नाही. ड्रेस, बूट, खोली, मेस असे करत पगार अर्धा करणाऱ्यांना ही मर्यादा आडवी येते. उभ्याने काम करावे लागणाऱ्यांसाठी बसण्याची सोय करण्याचीही तरतूद आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क दिला, तोच धागा. महिलांना संमतीने आणि सुरक्षेच्या अटींवर संध्याकाळी सातनंतर काम करता येईल. संध्याकाळी सुरू होणाऱ्या कार्यक्रमांत महिला रक्षक कमी पडतात, त्यामुळे हा बदल साधा नाही. पण रात्री एक वाजता त्यांना खोलीपर्यंत सोडणार कोण, हे ठेकेदाराने सांगायला हवे.

ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मुख्य मालकाने ती द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे आणि संहितेतही आहे. अडचण पुराव्याची. त्या रात्री तो पोरगा तिथे उभा होता, हे सिद्ध कसे करणार?

दुर्घटना झाली तर दोष कोणाचा?

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला १३ जून १९९७ रोजी आग लागली आणि ५९ जण मृत्युमुखी पडले. खटल्यात मालकांबरोबर बाल्कनीच्या गेटकीपरलाही न्यायालयाने दोषी ठरवले. दार बंद असताना, कोणाकडे ताबा न देता जागा सोडल्याचा त्याच्यावर ठपका होता. दारावरच्या माणसाला या निकालातून घ्यायचे ते इतकेच की रिलीव्हर आला नाही तर पॉइंट सोडता येत नाही, आणि आणीबाणीच्या दाराला कडी घालायला कोणीही सांगितले तरी ती घालायची नाही.

दुसरे उदाहरण मँचेस्टरचे. २२ मे २०१७ रोजी अरिनाबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांत स्फोट झाला, २२ जण ठार झाले. चौकशीत समोर आले की हल्लेखोराविषयी एका प्रेक्षकाने आधीच शंका सांगितली होती आणि जेमतेम अठरा वर्षांच्या एका गार्डलाही तो खटकला होता. त्याने नियंत्रण कक्षाशी रेडिओवर संपर्क करून पाहिला, तो झाला नाही. उगाच कोणावर संशय घेतला असे होईल ही भीतीही होती. चौकशी आयोगाने बोट त्या पोरावर थांबवले नाही, व्यवस्था करणाऱ्या संस्थांपर्यंत नेले. त्यातूनच ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये ‘मार्टिन्स लॉ’ म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला. २०० किंवा अधिक माणसे जमू शकतील अशा जागांना त्याखाली तयारी ठेवावी लागेल, ८०० च्या वर अधिक कडक.

आपल्याकडे दहा गार्डमागे एक वॉकी-टॉकी असतो आणि तो सुपरवायझरच्या कमरेला. फाटकावरच्या पोराला काही खटकले तर तो ओरडून सांगणार, समोर स्पीकर चालू असताना.

गाडीत बसण्याआधी

एजन्सीचे नाव आणि पसारा परवान्याचा क्रमांक विचारावा; खरी एजन्सी तो लपवत नाही. ठेकेदार एजन्सीचे नाव सांगत नसेल तर तो स्वतःच शेवटची कडी आहे असे समजावे. कायम काम असेल तर नेमणूकपत्र, निधीचा यूएएन क्रमांक आणि विमा क्रमांक मागावा. निधी खरेच भरला जातो का, ते दोन महिन्यांनी उमंग ॲपवर घरबसल्या दिसते. आधार, गुणपत्रिका यांच्या झेरॉक्स द्याव्यात, मूळ कागद ठेवून घेऊ देऊ नयेत.

एका रात्रीचे काम असेल तर हजेरीच्या कागदाचा, गळ्यातल्या पासचा आणि आपल्या पॉइंटचा फोटो वेळेसह मोबाइलमध्ये ठेवावा. ठरलेली रक्कम व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावी, पैसे शक्यतो यूपीआयवर घ्यावेत. मजुरी बुडाली तर हेच पुरावे कामगार आयुक्त कार्यालयात चालतात. आणि पॉइंटवर उभे राहिल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जवळचे बाहेर जाण्याचे दार स्वतः उघडून पाहावे. ते आतल्या बाजूला उघडत असेल किंवा कुलूप असेल, तर प्रेक्षक आत यायच्या आधी सुपरवायझरला सांगावे, तेही मेसेज करून.